भिंत ओळंब्यात नाही, मग मॉडेल ओळंब्यात कसे?

भूकंपात हादरलेल्या इमारतींच्या डिजिटल मॉडेलांमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा भेटते. भिंती सरळसोट, मजले सपाट, कोपरे काटकोनात, आणि त्या नीटनेटक्या भिंतींवर लाल रेघांनी रंगवलेल्या भेगा. दिसायला देखणे, पण ते भूकंपाआधीच्या इमारतीचे मॉडेल असते. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो भिंतीचा कल, फुगवटा, टेक्यावरून सरकलेली तुळई हे सगळे मॉडेल करणाऱ्याच्याच हातून पुसले जाते.

इमारत नकळत ‘सरळ’ होते ती तीन वेळा: उभी दिशा ठरवताना, स्कॅन एकमेकांना जोडताना आणि शेवटी भिंत काढताना. खालच्या टप्प्यांचा क्रम त्यासाठीच आहे. तो चुकला तर पुन्हा जागेवर जावे लागते, आणि तोवर इमारत तशीच राहील याचा भरवसा नसतो. इटलीतील नोर्चा येथील सान बेनेदेत्तोचे चर्च २४ ऑगस्ट २०१६ च्या धक्क्यानंतर उभे होते. ३० ऑक्टोबरच्या धक्क्यात दर्शनी भिंत उरली आणि मागचे बहुतेक सगळे खाली आले.

## टप्पा १: प्रश्न आधी, अचूकता नंतर

मॉडेल कशासाठी हवे ते एका ओळीत लिहा. ढिगाऱ्याचे घनफळ काढायचे असेल तर ५ सेंटीमीटरची चूक चालते. टेकू कुठे लावायचे ते ठरवायला २ सेंटीमीटर पुरतात. दुरुस्ती करायची की पाडायची, हा निर्णय मॉडेलवर बसणार असेल तर हिशेब बदलतो.

एका मजल्याची उंची ३ मीटर धरा. भूकंपानंतर उरलेला कल ०.५ टक्का असेल तर खालून वर फरक पडतो १५ मिलिमीटरचा. दुरुस्तीच्या चर्चेत हा आकडा वारंवार येतो. १५ मिलिमीटर खात्रीने सांगायचे तर मोजमाप, जोडणी आणि रेखाटन मिळून एकूण चूक ४ ते ५ मिलिमीटरच्या आत हवी. म्हणजे मोबाइलमधल्या लिडारने (लेझरने अंतर मोजणाऱ्या संवेदकाने) हे काम होत नाही. खोलीचे झटपट रेखाटन करायला तो ठीक आहे, कल मोजायला नाही.

भेगांची रुंदी हा आणखी वेगळा हिशेब आहे. अख्ख्या इमारतीची अर्ध्या मिलिमीटरच्या बारकाव्याने टिपणी करण्याचा हट्ट धरू नका. फायली उघडणारसुद्धा नाहीत. महत्त्वाचे पट्टे निवडा आणि तेवढेच जवळून टिपा.

## टप्पा २: आत जाण्याआधी

इमारतीची सुरक्षा-तपासणी झाली आहे का, ते पाहा. एटीसी-२० या अमेरिकी तपासणी-पद्धतीत हिरवे, पिवळे आणि लाल पत्रक असते. लाल पत्रक लागले असेल तर आत जायचे नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ हेही नाही. काम बाहेरून, ड्रोनने आणि लांब लेन्सने करा. कोसळण्याचा धोका असलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दीडपट दूर राहा. ९ मीटर उंच भिंत असेल तर साडेतेरा मीटर.

ढिगारा हलवण्याआधी टिपा. कुठली वीट कुठे पडली, छज्जा बाहेर पडला की आत, यावरून भिंत कोणत्या दिशेने गेली ते कळते. जागा साफ झाली की हा पुरावा गेला. स्कॅनरला मोकळी जागा हवी म्हणून ढिगारा आधी उपसून घेणारे लोक असतात. तसे करू देऊ नका.

सोबत घ्यायच्या वस्तूंपैकी हमखास विसरल्या जातात त्या या: भेग मोजायची पारदर्शक पट्टी, खडू, कपाळावर बांधायचा दिवा, ओळंबा आणि बादली. बादलीचे काम पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ३: नियंत्रण बिंदू आणि उभी दिशा

सगळ्यांत जास्त कंटाळा याच टप्प्याचा केला जातो, आणि सगळे याच्यावरच उभे असते.

१. मूळ नियंत्रण बिंदू, म्हणजे बाकी सगळी मोजमापे ज्यांच्या आधारे होतात ते, इमारतीवर घेऊ नका. किमान चार बिंदू बाहेर, घट्ट जमिनीवर, शक्यतो इमारतीच्या उंचीएवढ्या अंतरावर ठोका. भेगाळलेला रस्ता, भराव आणि धारक भिंतीचा माथा टाळा. त्या जागा स्वतःच सरकलेल्या असू शकतात.

२. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण-यंत्राने) या बिंदूंचा बंद मार्ग पूर्ण करा. पहिल्या बिंदूवर परत आल्यावर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका.

३. प्रत्येक दर्शनी भिंतीवर पाच-सहा लक्ष्य-खुणा लावा: खाली, मध्ये, वर आणि दोन्ही टोकांना. सगळ्या खुणा माणसाच्या हाताच्या उंचीवर लावल्या तर वरच्या मजल्याचा कल नुसत्या अंदाजाने येतो. आतल्या खोल्यांत तीन-चार खुणा अशा लावा की त्या दारातून दिसतील.

४. एकूण खुणांपैकी साधारण एक तृतीयांश तपासणीसाठी राखून ठेवा. गणितात त्या वापरायच्याच नाहीत.

आता उभ्या दिशेबद्दल. फोटोंवरून तयार झालेल्या मॉडेलला वर-खाली काय ते मुळातच माहीत नसते. मग मॉडेल करणारा एखाद्या कोपऱ्याची किंवा दाराच्या चौकटीची कड उभी धरतो, फरशी आडवी धरतो, आणि मॉडेल फिरवून ‘सरळ’ करतो. त्या क्षणी इमारतीचा कल शून्य झाला. उभी दिशा फक्त गुरुत्वाकर्षणाकडून घ्यायची: टोटल स्टेशनच्या किंवा स्कॅनरच्या कलमापकाकडून.

तपासा: एका कोपऱ्यावर ३ मीटर लांब दोरीचा ओळंबा सोडा. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे तो झुलायचा थांबतो. दोरी आणि भिंत यांतले अंतर वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवा. समजा वर ४० मिलिमीटर आणि खाली ५८ मिलिमीटर आले, तर कोपरा ३ मीटरमध्ये १८ मिलिमीटर बाहेर झुकला आहे. मॉडेल तयार झाल्यावर त्याच कोपऱ्यात हाच आकडा आला पाहिजे. दहा मिनिटांचे काम आहे. पुढे वाद झाला तर लाखोंच्या यंत्रापेक्षा हेच जास्त उपयोगी पडते.

सावधान: मोजणी चालू असताना जाणवण्याइतका धक्का आला तर वेळ नोंदवा, बाहेर पडा, आणि परतल्यावर इमारतीवरच्या खुणा पुन्हा मोजा. धक्क्याआधीचे आणि नंतरचे स्कॅन एकत्र जोडले तर तयार होणारी इमारत कधीच अस्तित्वात नव्हती.

## टप्पा ४: फोटो

एक पिक्सेल भिंतीवर किती मिलिमीटर व्यापतो ते आधी काढा: भिंतीपर्यंतचे अंतर भागिले लेन्सची फोकल लेंथ, गुणिले पिक्सेलचा आकार. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो. २४ मिलिमीटरची लेन्स घेऊन ६ मीटरवरून टिपले तर एक पिक्सेल म्हणजे १.५ मिलिमीटर. भिंतीच्या आकारासाठी हे पुरेसे आहे. साडेतेरा मीटर दूर राहावे लागत असेल तर ८५ मिलिमीटरची लेन्स लावा. पिक्सेल १ मिलिमीटरच्या आत येतो, फक्त फोटोंची संख्या वाढते.

एका फोटोत किती भिंत येते तेही याच हिशेबातून कळते. २४ मिलिमीटरच्या लेन्सला ६ मीटरवरून ९ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच भाग दिसतो. शेजारच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक ठेवायचा तर दर १.८ मीटरला एक फोटो. १८ मीटर लांबीच्या भिंतीला एका ओळीत ११ फोटो होतात. खालच्या आणि वरच्या ओळीत ७० टक्के भाग सामाईक असू द्या.

एका जागी उभे राहून नुसता कॅमेरा फिरवू नका. पाय हलले पाहिजेत. कोपऱ्यावर १० ते १५ अंशांच्या टप्प्यांनी वळा, नाहीतर दोन भिंती एकमेकींना जोडल्याच जात नाहीत.

फोकस एकदा लावून कुलूपबंद करा. झूम वापरू नका, कॅमेऱ्यातले थरथर-नियंत्रण बंद ठेवा, छिद्र एफ ८ च्या आसपास, फाइल रॉ. आभाळ झाकोळलेले असेल तर उत्तम. कडक उन्हात सावल्यांच्या कडा भेगांसारख्या दिसतात आणि दोन तासांत जागा बदलतात.

आता एक लबाड चूक. सगळे फोटो भिंतीला अगदी समोरासमोर, एकाच अंतरावरून घेतले तर लेन्सच्या विकृतीचे गणित नीट सुटत नाही, आणि सपाट भिंत मॉडेलमध्ये परडीसारखी किंचित गोलाई घेऊन येते. भूकंपग्रस्त इमारतीत ही गोलाई थेट ‘भिंत फुगली’ म्हणून अहवालात जाते. उपाय सोपा आहे: प्रत्येक ओळीत काही फोटो १५-२० अंश तिरके घ्या, काही कॅमेरा आडवा-उभा फिरवून घ्या, आणि भिंतीच्या मध्यावर एक तरी लक्ष्य-खूण ठेवा.

ड्रोनबद्दल थोडक्यात: छताच्या वरून सरळ खाली बघणारे फोटो भिंतींसाठी निरुपयोगी. कॅमेरा ४५ अंशांवर ठेवून चारही बाजूंनी फेऱ्या मारा. सैल कौले आणि लटकणाऱ्या पत्र्यांजवळ ड्रोन नेऊ नका, पंख्यांचा वारा त्यांना पाडायला पुरतो.

## टप्पा ५: लेझर स्कॅन

आतल्या भागाला स्कॅनरच बरा, कारण पांढऱ्या प्लास्टरच्या भिंतीवर फोटोंना पकडायला काही नसते. १० मीटरवर ६ मिलिमीटर अंतराचे बिंदू बहुतेक खोल्यांना पुरतात. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान ३० टक्के भाग सामाईक हवा, आणि दारातला स्कॅन वगळू नका. स्कॅनर उंबरठ्यावर ठेवला की दोन्ही खोल्या एकाच स्कॅनमध्ये येतात.

बाहेरचे आणि आतले स्कॅन एकाच दारातून जोडले तर काय होते ते पाहा. त्या दारापाशी ०.०५ अंशाची चूक झाली, तर २० मीटरवरच्या भिंतीपाशी ती सुमारे १७ मिलिमीटर होते. भिंतीची जाडी एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चुकीची येते. म्हणून आत-बाहेर जोडणी किमान दोन वेगळ्या बाजूंच्या उघड्या दारांतून किंवा खिडक्यांतून करा.

सावधान: पॉइंट क्लाउडमधून (स्कॅनमधल्या बिंदूंच्या ढगातून) भेगेची रुंदी मोजू नका. लेझरचा ठिपकाच काही मिलिमीटरचा असतो आणि अंतराबरोबर पसरतो. २ मिलिमीटरची भेग त्याला दिसतच नाही, आणि १० मिलिमीटरच्या भेगेच्या कडांवर तरंगते खोटे बिंदू तयार होतात.

## टप्पा ६: भेगांची हाताने नोंद

इथे यंत्रे बाजूला ठेवायची. प्रत्येक महत्त्वाच्या भेगेला क्रमांक द्या, खडूने तो भिंतीवर लिहा, पट्टी लावून जवळून फोटो घ्या. नोंद अशी हवी:

*म१-पूर्व-०७. कर्णरेषेत, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून जमिनीकडे. सर्वांत रुंद ४ मिमी, कोपऱ्यापाशी. आरपार. कडा ताज्या. उजवा भाग ३ मिमी खाली सरकलेला.*

‘आरपार’ आणि ‘सरकलेला’ हे दोन शब्द बहुतेक नोंदींत नसतात आणि सर्वांत जास्त गरज त्यांचीच असते. नुसती प्लास्टरची भेग आहे का, ते कळायला प्लास्टरचा छोटा तुकडा काढून मागचे वीटकाम बघा. जुनी भेग ओळखायची खूण म्हणजे आत धूळ, कोळ्याची जाळी किंवा रंग आणि झिजलेल्या कडा. जुन्या भेगा वेगळ्या नोंदवल्या नाहीत तर सगळे खापर भूकंपावर फुटते.

भेगेचा आकार बोलतो. दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारख्या भेगा म्हणजे ती भिंत कातरबळाने फाटली. त्याच भिंतीच्या माथ्याशी आणि पायथ्याशी आडव्या भेगा असतील तर ती डोलली. दोन भिंतींच्या सांध्यात उभी भेग वर जाताना रुंदावत असेल तर एक भिंत दुसरीपासून सुटून बाहेर झुकते आहे. आरसीसी सांगाड्यात तुळई-खांबाचा सांधा, अर्ध्या भिंतीमुळे आखूड झालेले खांब, उघड्या पडलेल्या आणि वाकलेल्या सळया आणि सळयांभोवतीच्या सुटलेल्या रिंगा आधी बघा.

## टप्पा ७: जोडणी आणि तिची परीक्षा

सॉफ्टवेअर ‘सरासरी चूक २ मिलिमीटर’ असे हिरव्या अक्षरांत सांगते. ती फक्त शेजारच्या दोन स्कॅनमधली चूक. लांब व्हरांड्यात प्रत्येक जोड चांगला असूनही सगळी साखळी हळूहळू वाकू शकते. त्यामुळे परीक्षा नेहमी राखून ठेवलेल्या खुणांवर घ्या. तिथे ५ मिलिमीटरच्या वर फरक येत असेल तर जोडणी पुन्हा करा. दुसरी परीक्षा ओळंब्याची, टप्पा ३ मधली.

आणखी एक खड्डा: नकाशाचे मोठे आकडे. काही प्रोग्राम निर्देशांक ३२ बिटांत साठवतात, आणि २० लाख मीटरच्या आसपासचा आकडा त्यात साडेबारा सेंटीमीटरच्या पायऱ्यांनीच मावतो. पॉइंट क्लाउड अचानक पट्ट्यापट्ट्यांचा दिसू लागला तर कारण बहुधा हेच. सुरुवातीलाच स्थानिक शून्यबिंदू घ्या आणि किती वजा केले ते लिहून ठेवा. क्लाउडकंपेअर हा पॉइंट क्लाउड हाताळायचा प्रोग्राम फाइल उघडताना याबद्दल स्वतःहून विचारतो. तो प्रश्न न वाचता ‘नाही’ दाबू नका.

## टप्पा ८: आधी कल मोजा, मग भिंत काढा

मॉडेल काढायला बसण्याआधी पॉइंट क्लाउडवरच कल आणि फुगवटा मोजून घ्या. प्रत्येक मजल्यावर फरशीपासून ३० सेंटीमीटर वर, मध्यावर आणि छताच्या थोडे खाली असे १० मिलिमीटर जाडीचे आडवे काप घ्या आणि एकावर एक ठेवा. भिंत सरळ सरकत गेली तर कल, मधला कापच बाहेर आला तर फुगवटा. प्रत्येक भिंतीसाठी एक उभे प्रतल धरून त्यापासूनचे अंतर रंगात दाखवले तर बाकीचेही नजरेत भरते.

आता हे आकडे भेगांशी ताडून पाहा. ६ मीटर उंच भिंत माथ्याशी २४ मिलिमीटर बाहेर झुकली आहे असे मॉडेल सांगते. ती खरोखर सांध्यातून सुटून झुकली असेल तर माथ्याशी सांध्यातल्या भेगांची एकूण रुंदी त्याच्या जवळपास भरायला हवी. तिथे एकच ८ मिलिमीटरची भेग असेल तर उरलेले १६ कुठून आले? भिंत बांधतानाच थोडी बाहेर होती, सगळी इमारत मिळून झुकली आहे, किंवा उभी दिशा चुकली आहे. नुकसान न झालेली एखादी भिंत मोजली की बांधकामाचा मूळ वाकडेपणा किती ते कळते.

## टप्पा ९: भूमिती

दोन मॉडेल ठेवा: भूकंपाआधीचे, जुन्या नकाशांवरून आणि शाबूत भागांवरून; आणि आजचे, फक्त मोजमापावरून. एकावर दुसरे लिहू नका. आजच्या मॉडेलसाठी नियम असे:

१. पूर्ण उंचीची एकच भिंत काढू नका. ती मजल्याशी तोडा, आणि मोठी भेग आरपार असेल तिथेही. तुटलेला प्रत्येक ठोकळा आपापल्या कलाने बसू द्या.

२. खांबाचा मध्य खाली आणि वर वेगवेगळा काढा, मग दोन्ही जोडा. प्रोग्राम खांब आपोआप उभा करतो, ते बंद करा.

३. सपाट कधी मानायचे ते आकड्यात ठरवा. १० मिलिमीटरच्या आतला चढउतार सपाट, त्यावरचा खऱ्या आकारात, असा नियम बहुतेक कामांना पुरतो. रेव्हिट या इमारत-मॉडेलिंगच्या प्रोग्राममध्ये २०२१ च्या आवृत्तीपासून तिरपी भिंत काढता येते. फुगलेल्या भिंतीसाठी मात्र छोट्या त्रिकोणांच्या जाळीचाच (मेशचाच) आधार घ्यावा लागतो.

४. खालचा मजला कॉपी करून वर चिकटवू नका. वेळ वाचवायची ही युक्ती एरवी चालते. इथे त्यामुळे वरच्या मजल्याची हालचालच नाहीशी होते.

५. जे दिसले नाही ते ‘अंदाज’ म्हणून वेगळ्या रंगात ठेवा: छताच्या वरची पोकळी, ढिगाऱ्यामागची भिंत, पाया.

भेगांसाठी भिंत कापू नका. प्रत्येक भेग भिंतीच्या पृष्ठभागावरची त्रिमितीय रेषा म्हणून काढा आणि टप्पा ६ मधली नोंद तिला गुणधर्म म्हणून जोडा. निखळलेले प्लास्टर किंवा काँक्रीट हे क्षेत्र म्हणून, खोलीसह. ईएमएस-९८ या युरोपीय भूकंप-मापनश्रेणीतील १ ते ५ ही नुकसानीची श्रेणी संपूर्ण इमारतीसाठी असते. भिंतीभिंतीला ती चिकटवू नका.

## टप्पा १०: विश्लेषणासाठी वेगळे मॉडेल

फोटोंवरून आलेली लाखो त्रिकोणांची जाळी थेट फायनाइट एलिमेंट प्रोग्राममध्ये (इमारतीचे छोटे भाग पाडून ताण-बळांचा हिशेब करणाऱ्या) टाकण्याचा मोह होतो. ती जाळी म्हणजे फक्त कातडी. तिला जाडी नसते, आणि भोके असतात. विश्लेषणासाठी टप्पा ९ मधल्या भिंतींच्या मध्यरेषा, जाडी आणि दारे-खिडक्यांच्या उघड्या जागा घ्या आणि नवे, साधे मॉडेल उभे करा. कल मात्र सोबत न्या, कारण झुकलेल्या भिंतीवर स्वतःच्याच वजनाने जास्तीचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) येतो.

सगळ्या भिंतींची ताठरता सरसकट अर्धी करणे ही दुसरी नेहमीची चूक. फेमा ३०६ या अमेरिकी मार्गदर्शिकेत घटकाच्या नुकसानीचा प्रकार आणि तीव्रता पाहून ताठरता, बळ आणि विस्थापनक्षमता यांसाठी वेगवेगळे गुणक दिले आहेत. टप्पा ६ ची नोंद नीट असेल तरच ते वापरता येतात.

मॉडेल खरे वागते का, ते कंपनांवरून तपासता येते. वरच्या मजल्यावर संवेदक ठेवून १० ते २० मिनिटे आपोआप होणारी सूक्ष्म कंपने नोंदवा. समजा इमारतीच्या कंपनाची भूकंपाआधी मोजलेली वारंवारता ४ हर्ट्झ होती आणि आता ३.२ आली. वस्तुमान तेच असेल तर ताठरता वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे सुमारे ३६ टक्के घट. ढिगारा मजल्यावरच पडून असेल किंवा मजला रिकामा केला असेल तर वस्तुमान बदलले. तो हिशेब आधी करा. आणि सूक्ष्म कंपनांत भेगा फारशा उघडत नाहीत, त्यामुळे मोठ्या धक्क्यात इमारत यापेक्षा मऊ वागेल.

## टप्पा ११: जतन आणि पुढची फेरी

मूळ रॉ फोटो, न जोडलेले स्कॅन, ई५७ या खुल्या फाइल-स्वरूपातला जोडलेला पॉइंट क्लाउड, नियंत्रण बिंदूंची यादी, स्थानिक शून्यबिंदूचा आकडा आणि प्रत्येक स्कॅनची वेळ एकत्र ठेवा. मॉडेलची फाइल दहा वर्षांनी उघडेल असे नाही, बिंदूंची उघडेल.

बाहेरच्या चार मूळ बिंदूंवर आच्छादन घाला, त्यांच्याभोवती रंग मारा आणि कोणी खोदणार नाही अशी सोय करा. पुढचा मोठा धक्का आला की पूर्ण स्कॅन लगेच लागत नाही. त्या बिंदूंवरून भिंतीवरच्या खुणा पुन्हा मोजा. कुठल्याही खुणेत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती बाजू नव्याने स्कॅन करा, आणि टेकू लावणाऱ्यांना त्याच दिवशी आकडा कळवा.